कान धरून हजर

माझ्या धाकट्या भावानं आमच्या वडिलांना भूत केलं, हे मला आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या मोबाइलवरून कळलं. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्या काहीतरी बघून हसत होत्या. मला म्हणाल्या, तुमच्याच भावाचं आहे ना हे, कसलं भारी करतात. पडद्यावर माझा भाऊ चंद्रपुरातल्या एका बारमध्ये रिकाम्या खुर्चीशेजारी उभा होता. अंगात काळा कुर्ता, हातात बॅटरीवरचा कंदील. या खुर्चीवर कॉलरीतला, कोळशाच्या खाणीतला एक माणूस बसायचा, तो सांगत होता, त्याच्या नखांतली कोळशाची रेघ मेल्यावरही गेली नाही, आणि संध्याकाळी या टेबलावर हात ठेवला तर तळव्याला काळं लागतं. मग त्यानं तो माणूस हसून दाखवला. आधी नुसते खांदे हलले, आवाज मागून आला.

ते बाबा होते. आधी खांदे आणि मागून आवाज, असं हसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. खरं म्हणजे बाबांनाही तसं हसताना मी फार पाहिलेलं नाही, आणि माझं दुखणं तेच आहे. बापाचं भूत करून गावाला दाखवतो म्हणून मला राग यायला हवा होता. पण राग नव्हता तो, सरळ सरळ जळफळाट होता. जे हसू घरात माझ्या वाट्याला आलं नाही, ते भावाकडे इतकं होतं की तो अनोळखी लोकांना वाटत सुटला होता.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. कोरपन्याकडच्या एका गावात शिकवते आणि तिकडेच राहते. भाऊ चंद्रपुरात. आधी तो ताडोब्यात सफारीची जिप्सी चालवायचा. वाघ न दिसलेल्या पाहुण्यांची उतरलेली तोंडं पाहून त्याला ही युक्ती सुचली. दोन सफारींच्या मध्ये अडकलेल्या माणसाला संध्याकाळी गावात करायला काही नसतं. हा त्यांना जटपुरा गेटपाशी गोळा करतो, जुन्या बारांमधून पायी फिरवतो आणि प्रत्येक बारचं एकेक भूत सांगतो. वाघ नाही तर भूत तरी बघून जा, असं त्याच्या जाहिरातीत लिहिलेलं आहे. आमच्याकडे बारच्या भुतांना तोटा नाही. मध्ये काही वर्षं जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा सगळे बार एका दिवसात मेले. बंदी उठल्यावर काही उठून बसले, काही तसेच राहिले.

आईला हे सगळं माहीत होतं आणि तिची तक्रार वेगळीच होती. आम्ही बौद्ध. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, घरात भुताखेताला जागा नाही. तिनं भावाला विचारलं होतं, आपण आत्माच मानत नाई तं तुहा बाप भूत होऊन येईन कुठून. भावानं सांगितलं की पाहुणे मानतात, तेवढं पुरे.

बाबा वाईट पिणाऱ्यांतले नव्हते. मारहाण नाही, रस्त्यात पडणं नाही. रोज संध्याकाळी जायचे आणि दोन-तीन तासांनी गप्प होऊन परत यायचे. विहारात पंचशील म्हणताना पहिली चार शीलं ते खणखणीत म्हणायचे. पाचव्यात दारूचं येतं, तिथे त्यांचा आवाज खाली जायचा, आणि बायकांच्या बाजूनं आई नेमकं तेच शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. पुढे काविळीनं ते गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दारूबंदीचे मोर्चे निघाले तेव्हा आई पहिल्या रांगेत होती. बार बंद झाले त्या दिवशी मात्र ती म्हणाली की आता करून काय उपयोग, जायचा तो गेला.

एक वर्ष बाबा माझे होते. तेवढं एकच. मी तेव्हा तिसरीत होते. आई दीड-दोन वर्षांच्या भावाला घेऊन वीटभट्टीवर जायची आणि दिवेलागणीला परतायची. बाबांची पहिली पाळी त्याआधी सुटायची. ते अंगणात हातपाय धुईपर्यंत मी पोतं अंथरून ठेवायचे. मी बाई, ते विद्यार्थी. पटावर एकच मूल, तरी हजेरी रोज व्हायची. मी नाव पुकारलं की त्यांनी म्हणायचं, हजर बाई. तेव्हा शाळेत असंच म्हणत. आता माझ्या वर्गातली पोरं येस मॅडम म्हणतात. पाळी लांबली, उशीर झाला, तर त्याला नियम होता. डावा कान धरून उभं राहायचं आणि तसंच हजर म्हणायचं. नियम मीच केलेला. तो एवढा थोरला माणूस कान धरून उभा राहायचा, आणि मी आमच्या शाळेतल्या बाईंसारखा आवाज काढून सांगायचे, उद्या वेळेवर यायचं.

मग भाऊ तीन वर्षांचा झाला, भराभर बोलायला लागला. बाबा त्याला संध्याकाळी सोबत नेऊ लागले. मी काही दिवस पोतं अंथरलं, नंतर अंथरणं सोडून दिलं. मीही येते म्हटलं तर बाबा म्हणाले, "तिथी पोरी नाई येत." भाऊ परत यायचा तेव्हा त्याच्या खिशात खारे फल्लीदाणे असायचे आणि तोंडात बाबांच्या गोष्टी. खाणीत पाणी शिरलं तेव्हा बाबा काय बोलले, मुकादमाची टोपी कुणी पळवली, असलं सगळं. माझ्या बापाच्या गोष्टी मी माझ्याहून लहान पोराकडून ऐकायच्या. दाणे तो अर्धे मला द्यायचा, मी घ्यायचे नाही. तो झोपला की त्याच्या सदऱ्याच्या खिशाला नाक लावून बघायचे. त्याच सुमारास आईनं मला त्या शाळेतून काढून पार गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं. तिथे शिकवणं बरोबर नाही म्हणाली. मला त्या बाई फार आवडायच्या. म्हणजे एकाच वर्षात माझे बाबाही गेले आणि बाईही गेल्या, आणि भावाला बार मिळाला.

म्हणून मी भावाला फोन करून सांगितलं की शनिवारी मी येते, मलाही तुझी भुतं बघायची आहेत. तो म्हणाला, ये, पण मधात बोलू नको. मला एकच बघायचं होतं. मला अंगणात सोडून बाबा रोज जिथे जात होते, तिथे त्यांनी असं काय ठेवलं होतं.

थंडीचे दिवस होते. सूर्य कलला होता. गेटपाशी मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभी राहिले, फक्त डोळे उघडे. माझ्या शाळेतल्या कुणा पालकानं मला बारमध्ये शिरताना पाहिलं असतं तर सोमवारपर्यंत कोरपन्यात भलत्याच गोष्टी झाल्या असत्या. पुण्याकडची काही पोरंपोरी होती, नागपूरचं एक कुटुंब होतं, आणि गडचिरोलीहून आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं. तिकडे अजून दारूबंदी आहे. त्यातले नवरोबा म्हणाले की आमच्याकडे बारच नाहीत तर बारमधली भुतं कुठून येणार, त्यांच्यासाठीही तुमच्या जिल्ह्यात यावं लागतं. बायको काही हसली नाही.

भाऊ आला आणि सगळे आपोआप त्याच्याभोवती गोळा झाले. मला वर्ग गप्प करायला टेबलावर डस्टर आपटावा लागतो. यानं नुसता कंदील वर उचलला. आणि काय ते बोलणं. जन्मभर मले-तुले करणारा माझा भाऊ पाहुण्यांसमोर मला-तुला करत होता. शाळेत असताना मी त्याला पट्टीनं मारूनही ते शिकवू शकले नव्हते. ते बघूनही माझ्या पोटात दुखलं. ज्याचं त्याचं कौतुक होत असताना मला असं का होतं, हे मी स्वतःला विचारायचं कधीच सोडून दिलंय.

पहिला बार लाकडी केबिनींचा. प्रत्येक केबिनला मळका पडदा आणि आत घंटीचं बटण. तिथे तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचं भूत होतं. रिकाम्या केबिनमधून ते सोडा मागवायला घंटी वाजवतं म्हणे. घंटी वाजली. पोरी एकमेकींना चिकटल्या. काउंटरखालचं बटण दाबणारा मॅनेजरचा हात मला स्पष्ट दिसला, पण मधात बोलायचं नव्हतं. दुसरा बार मेलेलाच होता. दारूबंदीत बंद पडला तो पडलाच, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. या ठिकाणी माणसाचं भूत नाही, खुद्द बारचंच भूत आहे, असं भावानं सांगितलं, आणि रंगीत कव्हरं लटकलेल्या त्या भिंतींकडे सगळे आदबीनं बघू लागले. दुकानदारानं ठरल्याप्रमाणे शटर खडखडवलं. मी मनातल्या मनात त्याला खोटारडा म्हणत होते आणि त्याच वेळी विचार करत होते की असं मला का नाही जमत.

तिसरा बार बाबांचा.

बाहेरून मी तो हजार वेळा पाहिला होता. लहानपणी त्याच्यासमोरून जाताना आई माझी मान दुसरीकडे वळवायची. आज मी आत शिरले. मला वाटलं होतं तिथे काहीतरी भारी असेल, ज्याच्यापुढे आमचं अंगण फिकं पडावं. होती चार-सहा लोखंडी टेबलं, एक पाणी गळणारा कूलर आणि फिनेलचा वास. पिणारे अजून आले नव्हते. भिंतीकडच्या टेबलापाशी ती खुर्ची होती. खुर्ची खरी की भावानं कुठून आणलेली, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

भावानं कंदील टेबलावर ठेवला आणि सुरुवात केली. कॉलरीतला एक माणूस होता. त्याचं एका शाळेतल्या बाईंवर प्रेम होतं. त्या शिकलेल्या, हा घमेली वाहणारा. बाईंचं लग्न वरोऱ्याला झालं, यानंही संसार थाटला, पण रोज संध्याकाळी हा इथे येऊन बसायचा. कुणाला काही बोलायचा नाही. ग्लास रिकामा झाला की वेटर येऊन विचारायचा, काय काका, आहे का अजून? मग काका उठून उभे राहायचे. इथे भाऊ स्वतः उभा राहिला, पाय जुळवले, आणि डाव्या हातानं डावा कान धरला.

"हजर बाई," तो म्हणाला.

आवाज बाबांचा होता. थोडा घोगरा, आणि बाई शब्दावर जरा लांबलेला.

लोक चुकचुकले. पुण्याची एक पोरगी म्हणाली, किती गोड. भावानं विचारलं की कान का धरायचे काका, सांगा बरं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. चूक झाली म्हणून. प्रेमात पडल्याची चूक. अजूनही इथे संध्याकाळी कुणी विचारलं, आहे का काका, तर या खुर्चीतून उत्तर येतं. मग त्यानं सगळ्यांना कान धरायला लावले. हा त्याच्या फेरीचा शेवट असतो, सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या. त्यानं विचारलं, आहे का काका? आणि नागपूरचे आजोबा, पुण्याची पोरं, गडचिरोलीचं ते जोडपं, सगळे आपापला डावा कान धरून माझ्यासमोर उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "हजर बाई."

मी मागे सरकले. जवळ खुर्ची होती ती तीच होती. तिच्यात बसायचं नाही असं भावानं आधी बजावलं होतं. मी बसले. आणि माझ्या तोंडून, मी ठरवलेलं नसताना, तिसरीतल्या त्या आवाजात निघून गेलं, "उद्या वेळेवर यायचं."

हशा पिकला. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, ही स्कार्फवाली बाई याचीच माणूस आहे, आधीपासून ठरवून आणलेली. भाऊ माझ्याकडे बघतच राहिला, पण गडी हुशार, लगेच वाकून मला नमस्कार केला आणि फेरी संपवली.

मी त्या खुर्चीतून काही वेळ उठले नाही. कुणी वरोऱ्याची बाई नव्हती. प्रेमाची चूक नव्हती. त्यांना उशीर झाला होता, बस, एवढंच. रोज इथे बसून त्यांना रोज उशीर होत होता, आणि ते रोज नियमानं कान धरत होते. मी पोतं उचललं होतं. त्यांची शाळा चालूच होती.

पाहुणे गेल्यावर भाऊ मला समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेला. तो खुशीत होता. म्हणाला, शेवटी काय बोलली तू, लय जमलं ते, ठेवूनच घेतो मी. मी म्हटलं, ठेवायचं नाही, ते माझं आहे. त्याला ती थट्टा वाटली. मग मी त्याला म्हटलं की तुझी मजा होती बाबा, तुला सगळं बघायला मिळालं. माझ्या आवाजात जे होतं ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं कप खाली ठेवला.

"मजा?" तो म्हणाला. "आई पाठवे मले. पोट्टं सोबत असलं तं घरी येईन म्हणे. मी तिथी टेबलावर डोकं ठेवून झोपून राहो. अभ्यास नाई, खेळणं नाई. तुले वाटे मी फल्लीदाणे खाऊन राह्यलो. तू घरी बसून पहिला नंबर काढून राह्यली होती."

पुढे तो बाबांबद्दल बोलत राहिला. परत येताना ते नाल्याजवळच्या पेरूची पानं तोडून चावायचे, आईला वास येऊ नये म्हणून, आणि यालाही चावायला लावायचे. मी त्याला विचारलं, ती बाई तुला कुठून सापडली? वरोरा आणि लग्न त्यानं पदरचं घातलं होतं, ते त्यानं कबूल केलं. पण बाई खरी होती म्हणाला. इकडेतिकडे बघून त्यानं आवाज खाली केला.

"तुही तिसरीची बाई होती ते. आईच्या कानावर आलं होतं, तुहा नवरा दारूत हजर बाई म्हणते म्हणून. आईनं तुले त्या शाळेतून काऊन काढलं मंग?"

मला हसू आलं, आणि ते थांबेना. चहावाला बघायला लागला. भावानं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. तिथल्या तिथे मी त्याला सगळं सांगू शकले असते. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबांचं असं काहीतरी माझ्याकडे होतं जे त्याच्याकडे नव्हतं. आणि त्याला दिलं असतं तर पुढच्या शनिवारी नागपूरच्या आजोबांनाही मिळालं असतं. मी तोंड मिटून घेतलं आणि त्याला आणखी एक चहा सांगितला.

त्या रात्री मी आईकडेच राहिले. सकाळी ती ओसरीवर उन्हात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसून सोलायला लागले. गप्प राहायचं मी पक्कं ठरवलं होतं. भावाला नाही तर कुणालाच नाही. पण मला त्या बाई आठवत होत्या, इस्त्रीची सुती साडी नेसणाऱ्या, पाढा चुकला तरी न रागावणाऱ्या. आई त्यांच्या नावानं इतकी वर्षं मनात काय काय ठेवून बसली असेल, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. एक बाई म्हणून ते मला सहन होईना. मी आईला सांगून टाकलं. अंगण, पोतं, हजेरी, कान, सगळं.

आईचे हात थांबले.

"मी भट्टीवर इटा वाहून राह्यली होती," ती म्हणाली, "अन् तुमची इथी शाळा भरे."

मी म्हटलं, हो.

मग तिनं विचारलं कान कोणता. मी डावा म्हणून सांगितलं. ती मान हलवत राहिली. त्या बाईंना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या त्याचा हिशोबच नाही, म्हणाली. एकदा त्या बाजारात भेटल्या होत्या, पोरगी कुठे असते म्हणून मायेनं विचारत होत्या, तर ही तोंड फिरवून निघून आली होती. मला वाटलं, आता तिला हलकं वाटेल. तिनं ओंजळभर दाणे भांड्यात टाकले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर काही हलकी नव्हती.

"परकी असती तं वाटे जाईन कई ना कई मनातून त्याच्या," ती म्हणाली. "तू तं घरचीच निघाली."

मी शेंगा सोलत राहिले. जरा वेळानं तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, पण हात पुन्हा थांबले होते.

"अन् माहं? माहं नाव घे का तो तिथी?"

मी खोटं बोलू शकले असते. भावाची बहीण आहे, दोन भुतं मीही उभी केली असती. पण तिच्या तोंडाकडे बघून खोटं सुचेना. जे होतं तेवढंच सांगितलं, की ते परत येताना पेरूची पानं चावायचे, तुला वास येऊ नये म्हणून. तिनं ते ऐकलं आणि मान हलवली.

"ते मले माहीत आहे. ते माह्यासाठी नव्हतं. माह्या भेवानं होतं."

ऊन पायांवरून सरकलं तशी आम्ही चटई ओढून घेतली. भाऊ दुपारी जेवायला येणार होता. आईनं टोपल्यातल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या आणि बजावलं की त्याला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर तो याला तिकीट लावेल. त्यानं इतकी वर्षं आपल्या बापाला एकट्यानं घेतलं न, ती म्हणाली, आता एवढं आपल्या दोघीपाशी राहू दे.

मी बरं म्हटलं. पण खरं सांगते, त्या ‘दोघी’ शब्दानं मला टोचलं. एका संध्याकाळपुरते बाबा सगळेच्या सगळे माझे झाले होते, आणि सकाळी उठून मी अर्धे वाटून बसले होते.